पूलवाला

डोक्यावर पोहण्याची टोपी,
टोपीवर पेनाने आखलेल्या खुणा,
नाकाच्या मुळापासून मानेच्या खळगीपर्यंत,
ह्या कानापासून त्या कानापर्यंत.
मी तोंडात पेन धरून मापं घेते, शिंपिणीसारखी.
वीबे टेर्पस्ट्रा, वय एकेचाळीस,
ग्रोनिंगनच्या कालव्यावर पूल उचलायची नोकरी.
रोज किती माणसांशी बोलता, ह्या प्रश्नापुढे
आधी दोन लिहिलंय,
मग खोडून एक.

कानात बोळे घाला, आवाज टोचेल.
चुंबकाचं वेटोळं म्हणजे
शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बांगड्या,
फक्त जड, आणि वायरीला बांधलेल्या.
टक्.
त्याचा उजवा अंगठा उडतो.
तो अंगठ्याकडे बघत राहतो,
आपल्याच घरातून अनोळखी कुणी
दार लोटून बाहेर पडावं तसा.
"मी नाही हलवला."
"मी हलवला," मी म्हणते,
आणि मलाच कसंनुसं होतं.

मग वेटोळं पुढे, कपाळाच्या वर.
चाळीस सेकंद
एक सुतारपक्षी.

पडद्यावर चेहरे येऊ लागतात.
हसरा आला तर दांडा ओढायचा,
चिडका आला तर ढकलायचा.
हे कुणालाही जमतं.
नंतर नियम उलटा:
हसऱ्याला ढकल, चिडक्याला जवळ घे.
इथे हात अडतो.
किती अडतो ते मी मोजते,
सोनाराने गुंजा मोजाव्या तसे सेकंदाचे हजारावे भाग.
वीबेचा हात हसऱ्यांपाशीही अडतो,
सरळ नियमातसुद्धा.
ते मी वहीत लिहिते. त्याला सांगत नाही.

कॉफी घेताना तो भिंतीशी बोलतो:
"पूल वर गेला की रस्ता तुटतो.
दोन्ही काठांवर माणसं खोळंबतात,
सायकलीवरून एक पाय टेकून,
आणि सगळी माझ्या खिडकीकडे बघतात.
बोटीतली तर हातसुद्धा हलवतात."
मग तुम्ही?
"मी पाणी बघतो.
पाण्याकडे बघायला कारण असतं."

थोड्या वेळाने:
"हे तुमचं यंत्र ते काढून टाकतं का?"
नाही हो. एक जागा अर्धा तास मंद करायची,
ती तिथे काय करत होती ते कळावं म्हणून.
"म्हणजे एक दिवा विझवायचा
आणि कुठली खोली काळी होते ते बघायचं."
मी हो म्हणते.
चार वर्षं मी हे लोकांना समजावतेय,
इतकं नीट कधी जमलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी दुसरं वेटोळं.
दोघांपैकी एक खोटं आहे:
आवाज तोच, टोचणी तीच, आत काही पोचत नाही.
कुठलं, ते मलाही ठाऊक नाही;
चिठ्ठी सीत्सेच्या कपाटात, कुलपात.
त्या दिवशी जाताना वीबेने
दारातून मागे वळून माझं नाव विचारलं.
सहा भेटींत पहिल्यांदा.
हे मोजायला रकाना नव्हता.

फेब्रुवारी, साडेपाच, अंधार पडलेला.
घरी निघाले तर पुलाची घंटा झाली,
लाल दिवे लागले, दांडी आडवी आली.
मी एक पाय टेकला.
खिशात फोन होता, फोनमध्ये बाउक्येचा निरोप,
अकरा आठवडे न उघडलेला.
बहीण आहे माझी. हसऱ्या चेहऱ्याची.
समोर रस्ता हळूहळू उभा राहिला
आणि त्याच्या पोटाखालून
वाळू भरलेली बोट सरकत गेली,
तिला कसलीच घाई नव्हती.

वर खिडकीत उजेड होता.
पडदा नव्हता ओढलेला.
काचेमागे एक हात वर झाला,
किंवा नुसता अंगठा,
इतक्या लांबून सांगता येणार नाही.

मी पाणी बघितलं.

पूल खाली आला, दांडी उठली.
मागून कुणीतरी घंटी वाजवली,
जा ना बाई.